वसईचा किल्ला : आत बाग, बाहेर बिनघंटांचे मनोरे

भाईंदरहून रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, खाडी ओलांडली की धक्क्यापासून किल्ला अगदी जवळ. सोबत नाशिकचा मित्र होता. त्याला चिमाजी आप्पांचं स्मारक पाहायचं होतं, मला सावली हवी होती. दोन्ही एकाच ठिकाणी मिळालं.

स्मारकाभोवतीची बाग छोटीशीच. पुतळा, फरशीच्या वाटा, थोडी झाडं. गावातली माणसं इथे निवांत येऊन बसतात, पोरं पळतात. बागेतून बाहेर पडलं की काळ्या दगडांची पडकी चर्चं आणि त्यांच्या भिंती फोडून वर गेलेले पिंपळ. माझ्या मते खरी बाग तीच, फक्त तिला माळी नाही.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं या तटाच्या आत एक अख्खं शहर नांदलं. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी ते जिंकलं. किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी देऊन निदान माझं डोकं तरी आत पाडा, असं आप्पा म्हणाले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. मित्राने ती पुतळ्यासमोर पुन्हा सांगितली, हातवाऱ्यांसकट.

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये मात्र तो गप्प झाला. छप्पर कधीच गेलंय. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्यात, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं. पाय कुठे ठेवायचा तेच कळेना. आम्ही कडेकडेने चाललो. आमच्या मागून प्री-वेडिंगवाले आले, ते सरळ मधून गेले.

मग सेंट जोसेफचा उंच मनोरा. मी मान वर करून घंटेची जागा शोधत होतो, तर हा म्हणाला, "अरे, ती आमच्याकडे आहे!" पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा वसईच्या विजयातली, असं नाशकात लहानथोर सगळे सांगतात. ती नेमकी याच मनोऱ्यातली का, हे कोण सांगणार? पण त्याला शंका नव्हती. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल कोरलंय, वाईजवळ मेणवलीला १७०७ सालची घंटा आहे. इथल्या चर्चांतून उतरवलेल्या घंटा घाटावर जाऊन देवळांत टांगल्या गेल्या आणि आजही वाजतायत. मेणवलीची मी स्वतः वाजवलीय. तेव्हा या मनोऱ्याचा विचार डोक्यातही आला नव्हता. बागेत विजय दिसतो. त्या विजयात कुणाचं काय गेलं, ते बघायला इथे यावं लागतं.

गोन्सालो गार्सियांच्या नावाचं चर्चही बघाच. हे वसईचे सुपुत्र, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला हुतात्मा झाले, १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. त्याच तटाच्या आत नागेश्वराचं देऊळही आहे, आणि किल्ल्यातून बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळणींची ये-जा चालूच असते.

जायचं तर पावसाळा सरल्यावर जा. हिरवळ असते आणि शेवाळावरून घसरायची भीती नसते. पाणी बरोबर घ्या. विजयानंतर नवस फेडायला आप्पांनी बांधवलेलं वज्रेश्वरीचं देऊळही याच बाजूला आहे, पण दोन्ही एका दिवसात उरकू नका. नुसत्या किल्ल्यालाच दिवस पुरत नाही.