शेरूला अहो म्हणायचं का?

आमचा शेरू लॅब्रेडॉर आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंचा चिकू पॉमेरियन, दोघं एकाच पावसाळ्यातले, म्हणजे आता दोघंही दहा वर्षांचे. पण लिफ्टमधे बघा, चिकू अजून आल्यागेल्याच्या चपलांवर भुंकतो आणि आमचे महाराज नुसतं उठायचं म्हटलं तरी आधी एक सुस्कारा टाकतात, मग पुढचे पाय, मग जमलं तर मागचे. थोबाड तर पार पांढरं झालंय.

काकूंचा हिशोब सोपा, कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, दोघंही सत्तरीचे. मीही इतकी वर्षं तेच धरून चाललो होतो, पण एक वर्षाच्या कुत्रीला पिल्लं होऊ शकतात आणि आपलं सात वर्षांचं पोर तेव्हा दुसरीत डबा सांडत असतं, मग हे जुळणार कसं? डॉक्टरांच्या भिंतीवर तक्ता आहे, त्यात पहिलं वर्ष म्हणजे आपली साधारण 15, दुसरं संपेपर्यंत 24, आणि तिथून पुढे वजनाप्रमाणे फाटे फुटतात. दहाव्या वर्षी चिकूसारखा छोटा 56 चा, लॅब 66 चा, आणि ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा तोवर जगलाच तर जवळजवळ ऐंशीचा!

खरं तर हत्ती साठ-सत्तर वर्षं जगतो आणि उंदीर दोन-तीन, म्हणजे मोठ्या देहाला मोठं आयुष्य, पण कुत्र्यांत हे नेमकं उलटं. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं अर्ध्या-पाऊण किलोचं आणि दीड वर्षात पन्नास किलोच्या वर जातं, ही वाढीची घाईच पुढे नडत असावी असं म्हणतात. 2020 मधे कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी लॅब्रेडॉरांचा डीएनए तपासून वेगळंच गणित मांडलं, त्यात वर्षाचा लॅब म्हणे आपल्या 31 चा! शेरूला त्यांच्या हिशोबानेही 68 लागली, म्हणजे सुटका नाहीच.

मी 51. तक्त्यात बोट ठेवून मागे गेलो तर शेरू सहाचा होता तेव्हा 45 आणि मी 47, सातचा झाला तेव्हा तो 50 आणि मी 48. म्हणजे त्याच वर्षात कधीतरी हा मला मागे टाकून गेला आणि मला पत्ताच नाही, बहुतेक बॉल फेकल्यावर नुसतं बघत बसायला लागला तेव्हाच. आणि मी अजून त्याला अरे गाढवा म्हणतोय.

आई 76 ची, दोन-अडीच वर्षांत तो तिलाही गाठेल. तिला हे सांगितलं नाहीये. परवा लिफ्ट बंद होती, दोघं जिन्याने निघाले आणि पहिल्या मजल्यावर टेकले, ती कठड्याला धरून, तो तिच्या पायाशी. जरा वेळाने ती म्हणाली, चल बाळा. तो काही उठला नाही, मग तीही परत टेकली.