मुलाला फोटो लॅबच्या कामात घालावे का?

प्रिंट न्यायला आलेले पालक पैसे देता देता हमखास विचारतात, “मुलाला तुमच्या कामात घातलं, तर पुढे काही आहे का?” परवा तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

निव्वळ रोल धुणारा माणूस आता फारसा कोणाला नको आहे. मी शिकलो तेव्हा रंगीत निगेटिव्हचा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, ३७.८ अंश सेल्सिअसवर ठेवावा लागे आणि फिल्म त्यात सव्वातीन मिनिटे राही. पारा थोडा हलला, तरी कोणाच्या तरी लग्नाचा रंग बिघडे. जानेवारी २०१२मध्ये फिल्म बनवणाऱ्या कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, पण आमच्याकडे येणारे रोल त्याच्या कितीतरी आधीच आटले होते. हल्ली काही हौशी तरुण पुन्हा फिल्म वापरतात, मात्र त्यांच्या भरवशावर घर चालणार नाही.

काम उरले आहे ते लग्नाच्या अल्बमचे: पाने लावणे, रंग सुधारणे, छपाई आणि बांधणी. त्यांतला रंग हाताला यायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. हळदीचा फोटो पाहा. चौकटभर पिवळे दिसले की मशीनची आपोआप होणारी दुरुस्ती त्याला दोष समजते आणि निळा वाढवते. मग हळद फिकी पडते आणि नवरी आजारी दिसते. तिथे पिवळा परत आणायचा असतो, पण डोळ्यांचा पांढरा भाग कावीळ झाल्यासारखा दिसू न देता. असा एक अख्खा अल्बम मी एकदा मशीनवर सोडून जेवायला गेलो होतो आणि तो पदरचा कागद घालून पुन्हा छापून द्यावा लागला.

आयटीआयमध्ये डिजिटल फोटोग्राफरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. कॅमेरा आणि सॉफ्टवेअर यांची तोंडओळख होण्यासाठी तो उपयोगी पडतो, पण लॅबचा डोळा लॅबमध्ये बसूनच तयार होतो. शिवाय लग्नसराईत रात्रीचे जागरण आणि चातुर्मासात रिकामे बसणे हे इथे ठरलेलेच, त्यामुळे कुठेही कामाला लागण्याआधी त्या चार महिन्यांच्या पगाराचे स्पष्ट विचारून घ्यावे.

तुमच्या मुलाला यायचेच असेल, तर महिनाभर मी त्याला मशीनला हात लावू देणार नाही. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, त्याने केवळ चाचणीच्या प्रिंट शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोहोंपैकी कोणती किंचित गुलाबीकडे झुकली आहे, हे त्याला न सांगता दिसू लागले, की पगाराचे बोलू.