निशाणी 7

कोर्टात नकलेच्या अर्जावर कोणत्या कागदाची नक्कल हवी ते लिहायचं असतं. बहुतेक वकील तिथे ‘आदेश’ एवढंच लिहितात. मलाही तेवढंच सांगितलं होतं. अमेरिकेतल्या वकीलबाईंची मेल दोन ओळींची होती: 1983 च्या पालकत्वाच्या अर्जावरचा आदेश, सही-शिक्क्यासह. त्या दिवशी मी तेवढ्यावर थांबले असते तर दुपारी एकला घरी आले असते.

ज्यांच्यासाठी हे चाललं आहे त्या बाई अमेरिकेत एका वृद्धाश्रमात रुग्णांची शुश्रूषा करतात. वय कागदावर त्रेचाळीस. डिसेंबर 1983 मध्ये, काही महिन्यांच्या असताना, आमच्या जिल्ह्यातल्या एका अनाथाश्रमातून तिकडे गेल्या. दोन वर्षांपूर्वी पासपोर्टसाठी अर्ज केला तेव्हा त्यांना कळलं की त्या अमेरिकेच्या नागरिकच नाहीत.

लोकांना हे पटतच नाही, म्हणून थोडं सांगते. त्या काळी परदेशी जोडप्याला आपल्याकडे मूल दत्तक घेता येत नसे. 1956 चा दत्तक कायदा हिंदूंपुरता. बाकीच्यांना वाट एकच, 1890 च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून मुलाचं पालक म्हणून नेमून घ्यायचं, मूल न्यायचं आणि दत्तक आपल्या देशात जाऊन करायचं. म्हणजे इथून मूल निघालं ते कोर्टाचा आदेश, भारतीय पासपोर्ट आणि व्हिसा एवढ्यावर. तिकडे या बाईंच्या आईवडिलांनी 1985 मध्ये दत्तक रीतसर केलं. नागरिकत्वासाठी मात्र आणखी एक वेगळा अर्ज करावा लागत असे. तो राहिला. मी त्यांना दोष देत नाही. कोर्टाने ‘ही तुमची मुलगी’ म्हटल्यावर ती आपल्या देशाची झाली, असंच कुणीही समजेल.

पुढे अमेरिकेने 2000 साली कायदा करून अशा मुलांना आपोआप नागरिकत्व दिलं. कायदा लागू झाला 27 फेब्रुवारी 2001 रोजी, आणि तो त्या दिवशी ज्यांना अठरा पूर्ण झाली नव्हती त्यांनाच. मोठ्यांनाही त्यात घ्यावं म्हणून विधेयकं पुन्हा पुन्हा मांडली गेली. 2022 मध्ये प्रतिनिधीगृहाने एका मोठ्या विधेयकाच्या पोटात ते मंजूरही केलं, पण अंतिम मसुद्यातून ते गळलं. माझ्या पक्षकार बाईंची कागदावरची जन्मतारीख 1 जानेवारी 1983. कायदा लागू झाला त्या दिवशी त्यांना अठरा पूर्ण होऊन सत्तावन्न दिवस झाले होते.

आता रीतसर अर्ज करून नागरिकत्व घ्यावं, तर बाविसाव्या वर्षी नशेच्या गोळ्या बाळगल्याबद्दल झालेली एक शिक्षा आडवी येते. ती भोगून झाली आहे. पण नागरिक नसलेल्याला अशा शिक्षेवरून कितीही वर्षांनी देशाबाहेर काढता येतं. अर्ज केला की फाईल, देशाबाहेर काढण्याची कारवाई करणाऱ्या त्याच खात्यापुढे उघडायची. आणि काढलं तर पाठवणार कुठे? इथेच. 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती आपल्या कायद्याने भारतीय, आणि या बाईंनी दुसरं नागरिकत्व कधी घेतलंच नाही. लहानपणी मुंबईतून दत्तक गेलेल्या एका बाईला 2008 मध्ये असंच परत आणून सोडलं होतं, दोन मुलं तिकडे ठेवून. ती बातमी मी तेव्हा वाचली होती आणि विसरून गेले होते.

रेकॉर्डरूमकडे वळते. 1983 चं काही संगणकावर नाही. हल्लीची मुलं मोबाईलवर केस नंबर टाकतात आणि दिसलं नाही की ‘रेकॉर्ड नाही’ म्हणून मोकळी होतात. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनीही तोच सल्ला दिला: “अभिलेख उपलब्ध नाही असा दाखला घे आणि पाठवून दे.” मला तो सल्ला आवडला नाही, आजही आवडत नाही. असे दाखले किती सहज मिळतात ते मी पंचवीस वर्षं पाहते आहे.

किरकोळ अर्जांचं रजिस्टर हाताने लिहिलेलं, मराठीत. अर्जदाराचं आडनाव परदेशी, आणि कारकुनाने ते ऐकलं तसं किंवा वाचलं तसं देवनागरीत उतरवलेलं. या जोडप्याचं आडनाव रोमन लिपीत ज्या अक्षराने सुरू होतं ते आपण ‘ज’ वाचतो, पण घरात उच्चार ‘य’चा. मी ‘य’खाली दोनदा शोधलं. मग स्वतःला विचारलं, 1983 मध्ये या टेबलावर बसलेल्या माणसाला तो उच्चार कोण सांगणार होतं? ‘ज’खाली पाचव्या पानावर सापडलं. शेवटी एक जोडाक्षर असं लिहिलं होतं की त्याने दोनदा खोडून तिसऱ्यांदा जमवलेलं दिसत होतं. त्या माणसाने कष्ट घेतले होते.

फाईलींचा बस्ता खाली काढायला रेकॉर्डरूमच्या भाऊसाहेबांना शिडी लागली. त्यांची निवृत्ती चार महिन्यांवर आली आहे आणि त्यांच्यानंतर त्या मांडण्यांची माहिती असलेलं कुणी नाही. आदेश मिळाला. दीड पान, तारीख नोव्हेंबर 1983. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले ते 6 फेब्रुवारी 1984 रोजी. दोन वर्षांत दत्तक झालं पाहिजे, मुलाचे प्रगती अहवाल आले पाहिजेत, वगैरे. आमचा आदेश त्याच्या तीन महिने आधीचा. जोडप्याचं एक हमीपत्र फाईलला लावलेलं होतं, दत्तक करू म्हणून. नागरिकत्वाचा शब्द कुठेही नाही. पुढे काय झालं हे आमच्या कोर्टाने कधी विचारलं नाही. मूल आम्ही पाठवलं होतं.

भाऊसाहेब म्हणाले, “मॅडम, आदेश मिळाला ना, बांधू का?” मी म्हटलं, “थांबा, बाकीचं बघते.” फाईलच्या वर एक चिठ्ठी डकवलेली होती. आदेश कायम राखायचा, बाकीचे कागद नष्ट करायच्या यादीत. यादीवर सही व्हायची राहिली होती, म्हणून ते होते.

फाईलमधल्या कागदाला कोर्ट जो क्रमांक देतं ती निशाणी. निशाणी 7 म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची चिठ्ठी. तारीख 9 जून 1983. टाकलेलं मूल, मुलगी, वजन 3 किलो 900 ग्रॅम, मान धरते, पालथी पडत नाही, दात नाहीत. वय अंदाजे तीन महिने.

मी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. 9 जूनला तीन महिने म्हणजे जन्म मार्चमधला. मार्च 1983 मधला जन्म असेल तर 27 फेब्रुवारी 2001 ला ती सतरा वर्षांची होती, आणि गेली पंचवीस वर्षं ती अमेरिकेची नागरिक आहे.

मग 1 जानेवारी आलं कुठून? अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात ती तारीख टाईप केली आहे, कशावरून ते लिहिलेलं नाही. ज्यांच्या आई-बापांची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून लावली त्यांना मी समजावायला नको. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून तारीख पडते. तीच पासपोर्टवर गेली, पासपोर्टवरून व्हिसावर, तिथून सगळीकडे.

माझी खात्री त्या संध्याकाळपर्यंतच टिकली. ओळखीच्या बालरोगतज्ज्ञ ताईंना चिठ्ठी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, वजन तीन महिन्यांच्या मानानेही फार कमी आहे. उपासमार झालेलं मूल वयापेक्षा लहान दिसतं, मानही उशिरा धरतं. पाच महिन्यांचीही असू शकेल. म्हणजे टायपिस्टची तारीख चुकूनमाकून खरीही असू शकते. यावर मी अजून विचार करते. तरी एक गोष्ट मला कळते. त्या बाळाला हातात घेऊन, तपासून ज्याने वय लिहिलं असा या फाईलमध्ये एकच माणूस आहे.

अमेरिकेतल्या वकीलबाईंना मी दोन्ही कळवलं, चिठ्ठीही आणि ताईंचं मतही. त्यांनी रात्रीच फोन केला. दत्तक मुलाची जन्मतारीख तिकडचं राज्याचं कोर्ट पुराव्यावरून ठरवू शकतं, आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर ती तारीख धरावी असा कायदा 2014 मध्ये झाला आहे. खातं ती कितपत मानेल हे लढून बघावं लागेल, असं त्या म्हणाल्या. बाईंना त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही, आणि मीही सांगू नये अशी विनंती केली. मला ते जड गेलं. वाढदिवस तिचा आहे. पण मी कबूल केलं.

निशाणी 7 ची नक्कल नवव्या दिवशी मिळाली. अपोस्टिलसाठी, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून लागणाऱ्या शिक्क्यासाठी, ती मुंबईला गेली आहे. मूळ चिठ्ठी नष्ट करू नये, म्हणून मी वेगळा अर्ज दिला आहे. तो कोर्टाच्या कचेरीचं काम बघणाऱ्या नाझरांच्या टेबलावर आहे, यादीही तिथेच आहे. सोमवारी पुन्हा जाते.