पुढच्या एक्सलला कोणता लॉकर? वेल्ह्याच्या चिखलात घेतलेली परीक्षा

माझ्या जिप्सीच्या मागच्या एक्सलला (दोन चाकं जोडणाऱ्या आसाला) लॉकर आहे, म्हणजे दोन्ही चाकं एका वेगाने बांधणारी व्यवस्था. पुढचा डिफ (डिफरन्शिअल, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा गोळा) अजून कंपनीने दिला तसाच, उघडा, म्हणजे बिनलॉकचा. पुढे काय बसवायचं यावर गॅरेजमध्ये चहाच्या फेऱ्या झडल्या, पण जो तो आपल्याच गाडीचं कौतुक सांगणार. मग ठरवलं, सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस जरा ओसरला की वेगवेगळी व्यवस्था असलेल्या गाड्या एकाच वाटेवर चालवून बघायच्या. ताफा असा जमला: एक फोर्स गुरखा, जिला पुढे-मागे दोन्हीकडे कंपनीचेच डिफ लॉक आहेत, एक जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप, पुढे एअर लॉकर (हवेच्या दाबाने लागणारा) बसवलेली, नवी थार, मागे मेकॅनिकल लॉक आणि पुढे ब्रेकवर चालणारी यंत्रणा, मित्राची जिप्सी, पुढे ऑटोमॅटिक लॉकर, आणि माझी.

पुण्याहून साताऱ्याच्या हायवेने नसरापूर फाटा, तिथून उजवीकडे वळून वेल्हे. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, बोलण्यात अजून वेल्हेच आहे. डाव्या हाताला आधी राजगड दिसतो, मग तोरणा, ढग असतील तर दोन्ही नाहीत. डिझेल-पेट्रोल हायवेवरच भरून घ्या आणि वेल्ह्याच्या पुढे मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका. पासली गावाकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खाचरांमागून डोंगराच्या पायथ्याला जाणारी गाडीवाट आहे. ती त्याची स्वतःची जमीन, त्याची परवानगी घेतलेली. हे मुद्दाम सांगतोय. दुसऱ्याच्या बांधावर किंवा फुललेल्या सड्यावर गाडी घालणाऱ्यांमुळे गावोगावी आपल्याला दगड दाखवले जातात, आणि ते योग्यच आहे. शिवाय पावसाळ्यात मढे घाटासारख्या ठिकाणांसाठी प्रशासनाचे मनाईचे आदेश निघतात, घर सोडण्यापूर्वी ते बघा.

वाटेला लागताना सगळ्यांनी टायरची हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवली. आधी हे करा, लॉकरची चर्चा नंतर. निम्म्या जागा नुसत्या हवा कमी केल्यानेच निघतात.

पहिली खरी जागा म्हणजे ओढा. उतार तिरका, पलीकडची चढण कातळाच्या पायरीवरून, त्यामुळे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी सुटतं. उघडा डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत फिरू लागलं की त्याला फिरायला जेवढा जोर लागतो तेवढाच जमिनीवरच्या चाकाला मिळतो, म्हणजे जवळजवळ काही नाही. दोन्ही डिफ उघडे असले तर फोर बाय फोर असूनही गाडी जागच्या जागी गुरगुरते.

थार आधी गेली. मागचं चाक फिरलं, दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला आणि लॉक खाडकन बसला. या जातीचा लॉक आपण लावत नाही, तो स्वतः लागतो, आणि वेग वाढला की लागतच नाही. पुढे ब्रेकची यंत्रणा सुटलेलं चाक धरून ठेवत होती, पण त्यासाठी आधी चाक फिरावं लागतं, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवायला लागला आणि गाडी उड्या मारत चढली. चढली हे खरं. कातळाची कड मात्र घासून निघाली. गुरखावाल्याने आधी फक्त मागचा लिव्हर ओढला. पुढची चाकं पायरीला टेकून एक नुसतं फिरत राहिलं. पुढचाही ओढला आणि गाडी आयडलवरच (अ‍ॅक्सिलरेटर न देता), पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, सावकाश वर आली. चाक फिरणं नाही, दगड उडणं नाही. पुढचा लॉक कशासाठी घ्यायचा त्याचं उत्तर त्या अर्ध्या मिनिटात मिळालं: मागचा लॉक गाडीला ढकलतो, पुढचा नाक उचलून वर ठेवतो.

पण खरा धडा पायरीच्या वर होता. तिथे हिरड्याच्या झाडाला वळसा घालून लगेच उजवीकडे जायचं. पुढची दोन्ही चाकं एका वेगाने बांधली गेली की गाडीला वळायचं नसतं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचंय आणि लॉक ते करू देत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, गाडी सरळ बांधाकडे. लिव्हर सोडला तरी दात लगेच सुटेनात, कारण एक्सलमध्ये ताण भरलेला. हा दात्यांच्या कुठल्याही लॉकचा स्वभाव आहे. स्टिअरिंग सरळ करून हातभर मागे घेतलं की सुटतो, जोर लावून ओढत बसू नका.

हे बघत बांधावर बसलेले शेतकरी काका हसले. म्हणाले, “अहो, आमच्या ट्रॅक्टरला पण हाय की. टाचेनं दाबायचा, सरळ भायेर काढायचा, आन् सोडायचा. दाबून वळलं की मोडतं.” ट्रॅक्टरचा डिफ लॉक मागच्या चाकांना असतो, पण नियम तोच. पुढच्या एक्सलला तर दुप्पट लागू, कारण वळणारी चाकं तीच.

मित्राच्या जिप्सीतला ऑटोमॅटिक लॉकर म्हणजे मूळ डिफच्या पोटातले स्टार गिअर काढून त्या जागी बसवायचे दातेदार तुकडे. अमेरिकेत याला लंचबॉक्स लॉकर म्हणतात. तो घरच्या घरी बसतो आणि क्राउन-पिनियनची (डिफच्या मुख्य गिअरांची) सेटिंग हलवावी लागत नाही. स्वस्त, ना वायर ना पाइप. जोर दिला की लॉक, सैल सोडलं की जास्त वेगाने फिरणारं चाक कटकट करत सुटतं. रस्त्यावर हाताचे फ्री व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे खटके) उघडे ठेवले की तो असून नसल्यासारखा, आणि म्हणूनच जिप्सीला तो एक रास्त पर्याय आहे. पण हब लावून मी ती गाडी हिरड्यापाशी वळवली तेव्हा स्टिअरिंग हातातून ओढलं जात होतं. पाय उचलला की गाडी वळते, पाय दिला की सरळ पळते. चढावर पाय उचलणं परवडत नाही. शेवटी पुढे-मागे करत काढली.

५४०चा एअर लॉकर सगळ्यात समजूतदार वाटला. बटण दाबलं, हवा गेली, पायरी चढली, बटण सोडलं, वळली. खर्च मात्र सर्वांत जास्त: कॉम्प्रेसर, एक्सलच्या घरात भोक, डिफ पूर्ण उघडून बेअरिंग आणि बॅकलॅश (दात्यांमधली फट) नव्याने बसवणं. हे काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडेच द्या. संध्याकाळी ५४०चा लॉक लागेना. हवेची नळी सस्पेन्शनच्या पाट्याला घासून चिरली होती. डिफ नुसता उघडा राहिला, गाडी चालत राहिली, हे बरं. नळी पाट्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब, आवरणातून न्या आणि जोडणीचे दोन-चार सुटे तुकडे जवळ ठेवा.

एक आडवा उतारही होता, ओली तांबडी माती, डोंगर एका बाजूला. तिथे गुरखा आणि ५४०ने पुढचा लॉक काढला. एक्सल बांधलेला असला की दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि अख्खी गाडी खाली सरकते. उघड्या डिफमध्ये एक चाक फिरलं तरी दुसरं जमीन धरून ठेवतं. असा हवा तेव्हा लॉक काढणं बटणाच्या किंवा लिव्हरच्या लॉकमध्येच जमतं.

मग निवड कशी करायची? आधी मागचा, मग पुढचा. चढावर वजन मागे जातं, त्यामुळे पहिला पैसा तिथे. पुढे बंद करता येणारा घ्या, हवेचा, विजेचा किंवा केबलचा. बजेट नसेल आणि हब हाताने उघडता येत असतील तर ऑटोमॅटिक चालेल, पण हब नसलेल्या, कायम जोडलेल्या पुढच्या एक्सलला तो अजिबात नको. हेलिकल गिअरचा मर्यादित घसरणीचा डिफ रस्त्यावर आणि सपाट चिखलात गोड वागतो, पण चाक पूर्ण हवेत गेलं की तोही हात टेकतो. ब्रेक हलका दाबून धरला तर थोडी मदत होते. पुढे पूर्ण वेल्ड केलेला डिफ हा विचारही करू नका.

लॉकर घेण्यापूर्वी एक्सल बघा. लॉक लागला की सगळा जोर एका बाजूच्या शाफ्टवर येऊ शकतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना शाफ्टचा चाकापाशी असलेला जॉइंट सर्वांत कमजोर असतो. जिप्सीचे पुढचे जॉइंट मोठ्या टायरांवर आणि लॉकवर तुटतात. मग एक जोडी सुटी ठेवा किंवा क्रोमोलीचे (जास्त मजबूत मिश्र पोलादाचे) घ्या. नव्या थारसारख्या स्वतंत्र सस्पेन्शनवर चाक लोंबलं की जॉइंटचा कोन आधीच वाढलेला असतो, तिथे आणखी जपून. लॉक लावताना स्टिअरिंग सरळ, लो रेंज (फोर बाय फोरचा सावकाश, जास्त जोराचा गिअर), पाय हलका.

मी हवेचा ठरवला. जिप्सीत डिफचा गोळा सबंध बाहेर निघतो, म्हणून दुसरा गोळा टेबलावर तयार करून घेणार आणि जुना तसाच जपून ठेवणार. गाडी उभी राहायला नको.

घरी आल्यावर डिफचे ब्रीदर (आतली हवा येण्याजाण्याची तोटी) तपासा. गरम एक्सल थंड ओढ्यात बुडला की आत पाणी ओढलं जातं. ड्रेन बोल्ट सैल केल्यावर तेल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला, गिअर ऑइल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५.