साखर एक वाटी, दळून

भाचीच्या वाढदिवसाला केक मी करणार, असं तोंडातून निघून गेलं होतं. म्हणून दुपारी ओट्यावर सगळं मांडलं, मोबाइलवर कृती उघडली आणि पहिल्याच ओळीला अडले. कॅस्टर शुगर, दीडशे ग्रॅम. खाली वरच्या सजावटीसाठी आयसिंग शुगर. माझ्या घरात साखर दोनच प्रकारची, चहाची आणि पिठी.

त्यात कॅस्टर म्हटलं की मला एरंडेलच आठवतं. मे महिन्यातली रविवारची सकाळ, आलं घातलेला कोरा चहा, त्यावर तरंगणारे तेलाचे डोळे आणि दाराशी पहाऱ्याला बसलेली आजी. आता कळलंय की या नावाचा त्या तेलाशी काही संबंध नाही. साहेबाच्या टेबलावर साखर भुरभुरायला भोकाभोकांच्या झाकणाची डबी असायची, तिला कॅस्टर म्हणत. तिच्या भोकांतून पडेल इतकी बारीक, ती कॅस्टर साखर. कळलं म्हणून काय झालं? नाव वाचताना नाक दाबावंसं वाटतंच.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, साखर सगळी एकच. दळा आणि घाला." अर्धं खरं आहे त्याचं. पण दळणात जाडं-बारीक असतंच की. कॅस्टर म्हणजे बारीक रवा, पिठीसाखर म्हणजे मैदा. लोणी आणि साखर फेसताना त्या रव्याच्या कणांमुळे लोण्यात हवा कोंडली जाते, त्यावर केक फुगतो. पिठी मात्र गुपचूप लोण्यात मिसळून जाते, हवाबिवा काही धरत नाही. मी चहाची साखर मिक्सरमध्ये घातली, दोन झटके दिले आणि थांबले. झाली कॅस्टर.

विकतची पिठीसाखर घ्यायची नाही, हा माझा जुना हट्ट. घरचे हसतात. पण तिची पुडी हातात घेतली की ती नको इतकी मऊ लागते. आयसिंगच्या साखरेत तर गोळे होऊ नयेत म्हणून थोडं कॉर्नफ्लॉवर घालतात. खोटं वाटत असेल तर चमचाभर ग्लासभर पाण्यात ढवळून बघा, पाणी गढूळ होतं. घरच्या पिठीचं पाणी नितळ राहतं. अर्थात पावसाळ्यात त्या नितळ साखरेचे खडे होतात आणि ते मी बत्त्याने फोडत बसते, हे कोणाला सांगत नाही. मिक्सरचं झाकण घाईने उघडलं की साखरेचा जो धूर उठतो आणि संध्याकाळपर्यंत ओठांवर गोड लागत राहतो, त्यासाठी म्हणाल तर हा सगळा खटाटोप.

घरच्या पिठीचा एक धोका मात्र आहे. तिचा डबा आणि तांदळाच्या पिठीचा डबा शेजारी ठेवू नये. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला मी पुरणपोळ्या साखरेवर लाटल्या होत्या. पहिली तव्यावर पडली आणि वास इतका सुरेख सुटला की मला वाटलं, जमली. उलटायला गेले तर तव्याला घट्ट. जेवढी निघाली तेवढीवर बिबट्यासारखे काळे ठिपके. सासरे म्हणाले, "कुरकुरीत आहे." दुसरी कोणी मागितली नाही.

आमचं लहानपण सांगलीकडचं. उसाच्या गाड्यांमागे धावायचं आणि कांडं ओढून पळायचं, हा तिथला सार्वजनिक खेळ. वडील साखर कारखान्याचे सभासद, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर सवलतीची साखर यायची. पोत्यावर एम-30 असं छापलेलं. दादाने मला सांगितलं होतं की हा पोत्यातल्या मुंग्यांचा आकडा. एम म्हणजे दाण्याचा आकार आणि 30 म्हणजे रंगाची प्रत, हे फार वर्षांनी समजलं. दाणा टपोरा, काचेसारखा. चहाला उत्तम, पण आईला हवी असायची पिठी, कारण दिवाळीआधी नानकटाई व्हायची.

तेव्हा घरात मिक्सर नव्हता. पोळपाटावर मूठमूठ साखर घ्यायची आणि लाटणं दाबून फिरवायचं. आधी कर्रकर्र, मग चरचर, मग आवाज बंद. आवाज बंद झाला की आई ती आजोबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळायची. वस्त्रगाळ. फडक्यात राहिलेला चाळ आमचा, म्हणून लाटणं हलक्या हाताने फिरवण्याकडे आमचा कल असे. मग परातीत तूप घेऊन तळहाताने फेसत बसायचं, पांढरं होईपर्यंत.  

नानकटाई घरी भाजली जात नसे. ओव्हन कोणाकडे होता? मैदा, रवा, साखर, तूप, वेलदोड्याची पुडी, सगळं डब्यांत भरून मी आणि दादा बेकरीत जायचो. रात्रीचे पाव निघाले की भट्टीत जी धग उरते, तिच्यावर गावाची नानकटाई भाजली जायची. भिंतीला पाठ लावून आमच्यासारखी दहा-बारा पोरं बसलेली, प्रत्येकाच्या डब्यावर खडूने आकडा. बेकरीतले चाचा डबा उघडायचे, साखरेची चिमूट अंगठ्याने बोटावर चोळायचे आणि ती चिमूट कानाजवळ नेऊन परत चोळायचे. त्यांना काहीतरी ऐकू यायचं. मान हलली तर सुटलो. नाही हलली तर, "जाडी है, घर जाके बोलो."

एका वर्षी आम्ही लाटण्याचा कंटाळा केला होता. चाचांनी ऐकलं, डबा मिटून बाजूला ठेवला. दादाने रडवेला चेहरा केला तेव्हा म्हणाले, "ठीक है, देख लो." पत्र्यावर आमची नानकटाई पसरली, एकमेकींना चिकटली, वर तपकिरी ठिपके आले. जाड राहिलेला दाणा भट्टीत जळतो, त्याचे ते ठिपके. शेजारच्या पत्र्यावर कोणाची तरी गोल, पांढरट, बरोबर मधोमध भेगाळलेली. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर दोन्ही पत्रे लागोपाठ बाहेर आले, त्यामुळे सगळ्या पोरांना नीट तुलना करता आली. आईने ठिपक्यांची नानकटाई फराळाच्या ताटात न ठेवता आम्हा दोघांना दिवाळीभर दिली. खरं सांगते, चवीला वाईट नव्हती.

पुढे सासूबाईंनी तिसरी साखर दाखवली. त्या जळगावच्या. त्यांच्या बेसनलाडवात पिठीसाखर नसे, तगार असे. साखरेचा पाक चांगला घट्ट आटवायचा, चमचाभर तूप सोडायचं, कढई उतरवायची आणि घोटत राहायचं. बघता बघता पाक पांढरा पडतो आणि त्याचा भुगा होतो. दळलेला नव्हे, नव्याने जन्मलेला दाणा, मऊ पण कोरडा. लाडू टाळ्याला चिकटत नाही. मी पहिल्यांदा करताना मध्येच फोन घ्यायला गेले. परत आले तर कढईत पांढरा दगड. पाणी घालून पुन्हा पहिल्यापासून.

केक एकदाचा भट्टीत गेला, म्हणजे ओव्हनमध्ये, आणि हात मोकळे झाले तसं वाटलं, नानकटाईही करून टाकावी. आईची वही काढली. तिथे लिहिलंय, "साखर 1 वाटी पिठी." आता याचा अर्थ काय लावायचा? वाटीभर साखर घेऊन दळायची, की दळलेली वाटीभर घ्यायची? वाटीभर दाणेदार साखर दळली तर पावणेदोन वाट्यांकडे जाते. इतकी वर्षं मी पहिला अर्थ लावत आले आणि इतकी वर्षं माझी नानकटाई आईपेक्षा गोड आणि जरा कडक होते आहे. हा सगळा दोष माझ्या हाताचा समजत होते मी.

आईला फोन लावला. ती आता पंच्याऐंशीची, साखर बंद आहे तिची. बराच वेळ काही बोलली नाही.

"वाटी कुठली घेतलीस?" तिने विचारलं.

"नेहमीची. स्टीलची."

"अगं, ती नव्हे. काठावर वेल होती ती, पितळेची, कल्हईची. तिच्यात लहान एक आणि मोठी एक होती."

"कुठली घ्यायचीस तू?"

"हाताला येईल ती."

"आणि आता कुठे आहेत त्या?"

"मोडीत घातल्या. मिक्सर घेतला ना तेव्हा."