लाल धुळीचं कूळ

आमच्या वेळी शाळेचा शर्ट पांढरा होता, असं नियमात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो दिवाळीपर्यंत गुलाबी व्हायचा. डिचोलीच्या खाणींवरून लोहखनिजाचे ट्रक दिवसभर नदीतल्या मालवाहू बार्जींच्या धक्क्याकडे धावत आणि त्यांची धूळ आमच्याआधी वर्गात येऊन बाकांवर बसे. आई नीळ घालून दमायची. पणजीला स्पर्धेला गेलो की तिथली मुलं आधी माझ्या कॉलरकडे बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी नववीत होतो. 1987 चा फेब्रुवारी संपत आलेला. विज्ञानाचे सर एका सकाळी वर्तमानपत्र फडकावतच आत आले. मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, एक तारा फुटला होता. तारा मरतानाचा इतका तेजस्वी स्फोट 1604 नंतर कुणी पाहिला नव्हता. त्याच संध्याकाळी सरांनी आम्हा सातजणांना शाळेमागच्या डोंगरावर नेलं. गोव्यातून तो क्षितिजाच्या जेमतेम पाच अंश वर येतो, हे त्यांनी वर पोचल्यावर सांगितलं! दक्षिणेला धुरकट आभाळ आणि खाणीवरचे दिवे. बाकी काही नाही. आम्ही आणलेले चणे मात्र संपले.

सर जराही ओशाळले नाहीत. माझ्या कॉलरकडे बोट दाखवून म्हणाले, "तो दिसला नाही तर नाही. त्याच्या घराण्यातलं हे बघा."

मग अंधारातच तास सुरू झाला. विश्वाच्या सुरुवातीला जवळजवळ सगळा हायड्रोजन आणि हेलियमच होता. बाकीचा स्वयंपाक ताऱ्यांनी केला. हायड्रोजन जळून हेलियम होतो, तीन हेलियम जुळून कार्बन, पुढे ऑक्सिजन, सिलिकॉन. एका चुलीची राख म्हणजे पुढच्या चुलीचं सरपण. सूर्याच्या पंचवीसपट वजनाच्या ताऱ्याचा हायड्रोजन सुमारे 70 लाख वर्षं पुरतो, कार्बन काहीशे वर्षं, आणि सिलिकॉन एकच दिवस. त्यानंतर उरतं ते लोखंड. ही राख मात्र पेटत नाही, तिच्यातून ऊर्जा निघत नाही. वरचा भार पेलेनासा होतो, गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात.

इथे सरांच्या सांगण्यात थोडी भर घालायला हवी. गाभ्यातलं लोखंड बहुतेक आतच चिरडलं जातं. बाहेर पडतं ते स्फोटाच्या तडाख्यात नव्याने बनलेलं निकेल. त्याचं काही दिवसांत कोबाल्ट होतं आणि कोबाल्टचं लोखंड. या कोबाल्टचं अर्धायुष्य 77 दिवसांचं, म्हणजे दर 77 दिवसांनी ते निम्मं उरतं. आम्ही दहावीत होतो त्या वर्षी शास्त्रज्ञांना त्या स्फोटाचा उजेड नेमका त्याच गतीने मंदावताना दिसला. लोखंड तयार होताना बघणंच ते. किती? सुमारे 20,000 पृथ्व्यांच्या वजनाइतकं. अर्थात हे सगळं 1 लाख 68 हजार वर्षांपूर्वी घडलेलं, उजेड पोचायला तेवढा वेळ लागला.

आपल्या खाणींतलं लोखंड त्या ताऱ्याचं नव्हे. ते सूर्य जन्मण्याआधीच फुटून गेलेल्या कितीतरी ताऱ्यांचं. त्यांतले काही तर असे एकाएकी कोसळलेले नव्हेत, जोडीदार ताऱ्याचं वस्तुमान ओढून घेऊन फुटलेले छोटे, विझलेले गोळे. सरांना हे सांगायला मी गेलो तेव्हा ते निवृत्त झाले होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि "मग कॉलर धुतलीस की नाही?" एवढंच विचारलं.

मी आता म्हापशाला एका लॅबमध्ये रक्त तपासतो. माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोह असतं, त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये. गेल्या वर्षी आईचं रक्त मीच काढलं. हिमोग्लोबिन नऊ. रिपोर्ट वाचून दाखवला तर म्हणाली, "दहा वर्षं तुझ्या शर्टातलं लोखंड धुतलं रे मी. त्यातलं थोडं तरी अंगाला लागायला नको होतं?"