तिसऱ्या ओळीतली शून्यं

"याला मी चार दिले," अर्थशास्त्राचे सर म्हणाले.

"चार? मी एक दिलाय," साहित्याच्या मॅडम.

आम्ही सहा जण बसलो होतो आणि प्रत्येकासमोर त्याच निबंधाची झेरॉक्स होती. शहरात खासगी गाड्यांवर बंधनं घालावीत का, हा विषय. सरांना त्यातली आकडेमोड आवडली होती. मॅडम म्हणाल्या, आकडे आहेत, पण ते कुठून आणले याचा पत्ता नाही, आणि परिच्छेद एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांचंही खरं होतं.

हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण समिती नेमली त्या बैठकीला मी नव्हतो. विद्यापीठात सगळ्या शाखांच्या मुलांना काही सामाईक विषय घ्यावे लागतात. लेखन, तर्कशुद्ध विचार, संख्याज्ञान, समाज, विज्ञान. कागदोपत्री याला 'सर्वसाधारण शिक्षण' म्हणतात आणि मुलं 'उरकायचे विषय' म्हणतात. त्यातून मुलं नेमकं काय शिकतात ते दाखवा, असं वरून पत्र आलं. मला वाटलं, त्यात काय, निकाल लावतोच की आपण. द्या पाठवून.

निकालाने भागलं नाही. आमच्या गुणांत हजेरी होती, वेळेवर सबमिशन होतं, तोंडी परीक्षेतला धीटपणा होता. एखादीला ७२ पडले म्हणजे तिला युक्तिवाद मांडता येतो की ती फक्त नियमित येते, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नव्हता. मग मुलांकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतले. 'तुमची विचारक्षमता वाढली असे वाटते का?' बहुतेकांनी हो वर टिचकी मारली. मीही मारली असती.

शेवटी मुलांचं प्रत्यक्ष लेखनच वाचायचं ठरलं. त्यासाठी रुब्रिक हवं, म्हणजे कोणत्या मुद्द्यावर कोणती पातळी गाठली तर किती गुण, हे सांगणारा तक्ता. ते नव्याने घडवण्याऐवजी 'अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज' या संस्थेची 'व्हॅल्यू' रुब्रिक्स घेतली. ती २००९ साली आली आणि कोणालाही वापरता येतात. चिकित्सक विचाराच्या रुब्रिकमध्ये पाच ओळी आहेत: प्रश्नाची मांडणी, पुरावा, संदर्भ आणि गृहीतकं, स्वतःची भूमिका, निष्कर्ष. प्रत्येक ओळीत १ ते ४ पायऱ्या, आणि पहिलीही गाठली नसेल तर शून्य. यातली चौथी पायरी म्हणजे पदवी संपताना अपेक्षित असलेली पातळी. पहिल्या वर्षाचा मुलगा २ वर असेल तर तो ठीक चाललाय. हे कार्यालयाला समजावताना मात्र माझा घसा बसला. "सर, चारपैकी दोन म्हणजे पन्नास टक्के ना?" नाही हो. शेवटपर्यंत पटलं नाही.

पहिल्या निबंधावर दीड तास वाद झाला. तेव्हा वाटलं, वेळ वाया गेला. मागे वळून पाहता संपूर्ण कामात तोच वेळ सगळ्यात सत्कारणी लागला. 'पुरावा' म्हणजे आकडे की आकड्यांचा उगम तपासणं, यावर आम्ही वर्षानुवर्षं शेजारच्या वर्गांत शिकवूनही कधी बोललो नव्हतो. चौथ्या निबंधापर्यंत दोघांमधला फरक एका पायरीवर आला.

मग खरी तपासणी. सगळे निबंध वाचणं शक्य नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या टाकून १२० निवडले. नावं झाकली, स्वतःच्या वर्गाचा निबंध कोणाला दिला नाही, प्रत्येक निबंधाला दोन वाचक. दोघांत एकापेक्षा जास्त पायऱ्यांचा फरक पडला की तिसरा वाचक.

मी संख्याशास्त्राचा, त्यामुळे इथे थोडा आडवा आलो. एका जोडीचं ७० टक्के निबंधांवर एकमत झालं म्हणून सगळे खूश होते. पण समजा दोन्ही वाचक शंभरातल्या ८० निबंधांना २ आणि २० ना ३ देतात. त्याच प्रमाणात डोळे मिटून दिले तरी ६८ वेळा (६४ वेळा २-२, ४ वेळा ३-३) त्यांचं जुळेल! मग ७० मध्ये कौतुक कसलं? जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला 'कॅपा' हेच मोजतो: योगायोगाने जुळलं असतं त्याच्या पलीकडे किती जुळलं. सगळं जुळलं तर तो १; आमच्या उदाहरणात जेमतेम ०.०६. त्या दोघांना पुन्हा एकत्र बसवलं. कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी चहाला मला हाक आली नाही.

आकडे भरून झाले तेव्हा तिसरी ओळ, 'संदर्भ आणि गृहीतकं', जवळजवळ सगळी शून्यांनी भरली होती. पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच: हल्लीच्या मुलांना विचारच करता येत नाही. दहा मिनिटं हे गाऱ्हाणं रंगलं. मग तत्त्वज्ञानाच्या मॅडमनी विचारलं, "मुलांना दिलेला प्रश्न कोणाकडे आहे?"

प्रश्न असा होता: 'खासगी वाहनांवरील बंधनांविषयी तुमचे मत सकारण स्पष्ट करा.' मत मागितलं, कारणं मागितली. ती मुलांनी दिली होती. आपण काय गृहीत धरलंय ते तपासा, असं कुठेच म्हटलं नव्हतं. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना शेवटी काय यायला हवं, म्हणून मात्र ते ठळक अक्षरांत छापलेलं, आणि ते वाक्य मीच लिहिलेलं. बाकीचे सामाईक विषय काढून पाहिले. अकरांपैकी दोनच विषयांच्या कामात ही गोष्ट मुलांकडून मागितली जात होती.

अहवाल मी पाठवला. पोच आली, पुढे काही नाही. पण आम्ही प्रश्नाला एक ओळ जोडली: 'तुमचं मत कोणत्या गोष्टी खऱ्या असण्यावर उभं आहे? त्यातली एक खोटी ठरली तर काय होईल?' आणि निबंधाआधी एक तास फक्त यासाठी ठेवला.

पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात शून्यं होतीच, पण मधूनमधून १ आणि २ दिसू लागले. एका निबंधाच्या तळाशी खाडाखोड करून लिहिलं होतं: 'वरचं सगळं मी बस वेळेवर येते असं धरून लिहिलंय. ती येत नसेल तर माझा दुसरा मुद्दा पडतो आणि तिसराही डळमळतो.'

अर्थशास्त्राच्या सरांनी तीन दिले, साहित्याच्या मॅडमनीही तीन. मी दोन दिले होते. मला पटवायला त्यांना वीस मिनिटं लागली.